द्वारकेचे चाचा आणि मामाच्या जीपचा डायनामो

हे परीक्षण गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या चाचांच्या दुकानाचं. आधी पत्ता सांगते, कारण दुकानाला नाव नाही. म्हणजे कधीकाळी असेल. पाटीवर आता 'ऑटो इले' एवढीच अक्षरं उरलीत, बाकीची गंजाने खाल्ली. नाशिकच्या द्वारका सर्कलवरून वडाळा नाक्याकडे निघायचं आणि स्पेअर पार्टवाल्यांची रांग संपत आली की एक अरुंद गल्ली दिसते, तिच्यात शिरायचं. तोंडाशीच चहाची टपरी आहे, तिच्या मागे अर्धवट वर केलेलं शटर. शटरबाहेर सेल्फ (स्टार्टर) आणि अल्टरनेटर (गाडी चालताना वीज तयार करणारे) बाजारसमितीत बटाटे ओततात तसे ओतलेले. आत चष्मा दोरीने मागे बांधून बसलेले सत्तरीचे गृहस्थ म्हणजे चाचा. सगळी गल्ली त्यांना चाचाच म्हणते, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मी नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एकोणीस वर्षं झाली. जनित्राचा तक्ता दरवर्षी मीच भिंतीवर टांगते आणि मार्चमध्ये मीच गुंडाळते. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम मला झोपेतून उठवून विचारा. पण खऱ्या गाडीचा खरा डायनामो, म्हणजे जुन्या गाड्यांतलं जनित्र, उघडलेला मी या डिसेंबरपर्यंत पाहिला नव्हता. तेव्हा हे परीक्षण एका 'थिअरीवाली'ने लिहिलंय असं समजून वाचा.

प्रकरण असं. लेक पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आणि माझ्या भाच्याने मिळून गो-कार्ट बनवायला घेतली. चौकोनी पाईपची फ्रेम, स्कूटरची चाकं, आणि भावाच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाला लावलेलं साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. फ्रेमबद्दल काही लिहीत नाही. वेल्डिंग कसं झालंय ते बघून मी दोन रात्री झोपले नव्हते एवढंच. गाडी रस्त्यावर काढायची नाही, बागेच्या पॅकिंग शेडसमोरच्या अंगणातच फिरवायची, हे मात्र पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं.

गाडीला हेडलाईट आणि हॉर्न हवा असा लेकीचा हट्ट. या इंजिनात स्पार्कपुरतं मॅग्नेटो आहे, दिव्यासाठी वेगळी कॉईल नाही. मग भावाला आठवलं, त्याची जुनी पेट्रोल जीप भंगारात गेली तेव्हा डायनामो आणि त्याचा कटआऊटचा डबा (डायनामोचा व्होल्टेज आवरणारा आणि बॅटरीचा करंट उलटा जाऊ न देणारा) त्याने काढून ठेवला होता. खताच्या गोण्यांमागून दोन्ही निघाले. डायनामोवर पालीची अंडी होती.

मुलांनी तो इंजिनाशेजारी बसवला, पट्टा चढवला, इंजिन चालू केलं. चार्जिंगचा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. चार्ज होऊ लागलं की तो विझायला हवा. मीटरवर बॅटरीचे होते तेवढेच व्होल्ट. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याला दाखवला. त्याने पान्हा मारून टकटक केलं आणि सांगितलं, "आर्मेचर गेलंय. साडेचार हजारात जुना अल्टरनेटर बसवून देतो." आर्मेचर म्हणजे डायनामोचा तार गुंडाळलेला, फिरणारा भाग. मीटर लावला नाही, पट्टी सरकवून कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट नेणारे ब्रश) पाहिले नाहीत, नुसती टकटक. डॉक्टरने पाठीवर थाप मारून मूत्रपिंड गेलंय म्हणावं तसं. तरी सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, हेही सांगते. अल्टरनेटर आयडलिंगलाही चार्ज करतो, त्यातल्या डायोडमुळे बॅटरीचा करंट उलटा जात नाही म्हणून कटआऊट लागत नाही, आणि तेवढ्याच वजनात जास्त करंट देतो. म्हणूनच तर गाड्यांमधून डायनामो गेले. पण मामाच्या जीपचा डायनामो चालवायचाच, हे मुलांनी ठरवलं होतं. आणि न तपासता दिलेला निकाल मलाही पटेना. कॉलेजातल्या एका शिपायाने चाचांचं नाव सुचवलं.

चाचांनी डायनामो मांडीवर घेतला आणि पुली हाताने फिरवून कान लावला. पुढचं बेरिंग खरखरत होतं. मग बाकाखालून बॅटरी ओढली. डायनामोला मागे दोन टोकं असतात. जाड ते डी, म्हणजे आर्मेचरचं. बारीक ते एफ, म्हणजे फील्डचं, चुंबकत्व तयार करणाऱ्या स्थिर कॉईलचं. चाचांनी दोन्ही एका वायरने जोडून बॅटरीच्या प्लसला लावली आणि मायनस बॉडीला. "मोटरसारखा फिरला पायजे," म्हणाले. डायनामो एकदा थरथरला, अर्धा वळसा घेतला आणि थांबला. चाचांनी मागची पट्टी सरकवून आत टॉर्च मारला.

"ताई, इसमें जान है, कार्बन नहीं है."

दोन्ही कार्बन झिजून नखाएवढे राहिले होते, त्यातला एक होल्डरमध्ये अडकून वरच लटकलेला. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर तव्यासारखा काळा. पुढचा पाऊण तास मी स्टूलवर बसून पाहिला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हे दुकान शिफारस करण्यासारखं आहे. आर्मेचर बाहेर काढून त्यांनी ते ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या उपकरणावर) ठेवलं, वर एक्साब्लेडचा तुकडा धरून हळूहळू फिरवलं. वायंडिंग कुठे शॉर्ट असेल तर त्या खाचेवर पातं थरथरतं. नाही थरथरलं. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक शाफ्टला आणि दुसरं कम्युटेटरच्या एकेका पट्टीला. दिवा पेटला असता तर आर्मेचर बॉडीला लागलंय असा अर्थ. नाही पेटला. म्हणजे ज्या आर्मेचरचं आमच्याकडे श्राद्ध घालायची तयारी चालली होती ते ठणठणीत होतं.

कम्युटेटर साफ करायला त्यांनी अगदी बारीक काचपेपर घेतला. लेकीने पिशवीतून एमरी पेपर काढून पुढे केला तर हात झटकला. एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत अडकले तर घोटाळा करतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला होता, तो बाजू घासून पातळ केलेल्या एक्साब्लेडने फटीफटीतून साधारण पाऊण मिलिमीटर खाली उतरवला. तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही. तो वर राहिला की कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. नवे कार्बन बसवताना कम्युटेटरला काचपेपर गुंडाळून त्यावर त्यांना गोलाई दिली. हे सगळं करताना तोंडाने एका ट्रकवाल्याशी भांडण चालू होतं.

पुढचं बेरिंग नवीन घातलं. मागच्या बाजूला बेरिंग नसतं, ब्रॉन्झचा बुश असतो, आणि टोपणाच्या मधल्या भोकातून त्याला अधूनमधून इंजिन ऑईलचे दोन-तीन थेंब द्यावे लागतात. मामाने जीप असेपर्यंत किती वेळा दिले विचारलं, तर त्याला तिथे भोक असतं हेच माहीत नव्हतं.

आता डायनामो बॅटरीवर सुळसुळीत फिरू लागला. बाकावरच्या मोटरला पट्टा लावून, डी आणि एफ जोडलेलेच ठेवून, चाचांनी मीटर धरला. काटा सरसर वर चढला, अठरावर मोटर बंद केली. कटआऊटच्या डब्याशिवाय डायनामोला स्वतःचा लगाम नसतो. जेवढा पळवाल तेवढा व्होल्टेज चढतो, जास्त वेळ चढू दिला तर फील्ड कॉईल जळते. वीसच्या पुढे न्यायचाच नाही, असं लेकीला दोनदा बजावलं.

आम्ही आनंदाने घरी आलो. बसवला. इंजिन चालू केलं. चार्जिंगचा दिवा जळतोय तो जळतोच.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी एक तारा देणार होते. वायरिंग तीनदा तपासलं. कटआऊट बदलायचा का, यावर मुलांचं भांडण झालं. शेवटी फोन केला. चाचांनी एकच प्रश्न विचारला. पुलीसमोर उभं राहून बघा, घड्याळासारखा फिरतो का उलटा?

उलटा.

फोनवर हसू ऐकू आलं. जीपमध्ये डायनामो पुलीसमोरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरायचा. आमचं पंपाचं इंजिन शाफ्टसमोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. दोघांच्या पुली एकाच बाजूला ठेवून पट्टा चढवला की डायनामोही उलटाच फिरणार. दुकानातल्या मोटरवर तो सरळ फिरला म्हणून अठरा व्होल्ट दिसले.

आणि इथे माझी एकोणीस वर्षांची थिअरी उघडी पडली. दिशा उलटली तर व्होल्टेज उलटा येईल, एवढंच मी धरून बसले होते. पण या डायनामोत कायमचं चुंबक नसतं. फील्डच्या लोखंडात मागच्या वेळचं जे थोडंसं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यातून आधी व्होल्ट-दीड व्होल्ट तयार होतो, तो फील्ड कॉईलमध्ये जातो, चुंबकत्व वाढवतो, मग व्होल्टेज वाढतो, असा तो स्वतःलाच वर खेचत नेतो. उलटा फिरवला की तो पहिला दीड व्होल्ट उलटा येतो आणि फील्डमध्ये उलटा करंट सोडून उरलंसुरलं चुंबकत्वही पुसायला लागतो. चढण्याऐवजी विझतो. तक्त्यावर हे कुठेच नाही. तक्त्यावर एक नाल चुंबक आहे, लाल आणि निळा.

चाचांनी फोनवर सांगितलेली खूण मी आता कॉलेजातल्या सरांनाही ऐकवली आहे. बॅटरी लावल्यावर डायनामो मोटरसारखा ज्या बाजूला फिरतो, इंजिनाने त्याला त्याच बाजूला फिरवायचा. जोडणी आणि फील्ड तेच असेल तर दोन्हीकडे दिशा एकच येते. मी डावा हात, उजवा हात करून वहीत दोनदा ताडून पाहिलं. बरोबर आहे.

उपाय दोन होते. डायनामो फिरवून पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला बसवायचा, पण तिथे सीट आली होती. किंवा आतल्या फील्ड कॉईलची दोन टोकं अदलाबदल करायची, म्हणजे जे एफला आहे ते बॉडीला आणि बॉडीचं एफला. दुसऱ्या दिवशी आम्ही अख्खी गाडीच छोट्या हत्तीत घालून द्वारकेला नेली. गल्लीत अशी गर्दी जमली की टपरीवाल्याने चहाचं दुसरं पातेलं चढवलं. चाचांनी टोकं बदलली, मग कटआऊटकडून येणारी एफची वायर सोडवून बॅटरीच्या प्लसची तार एफच्या टोकाला पापणी लवेपर्यंत टेकवली. बारीक ठिणगी पडली. एवढ्याने लोखंडाला नवी दिशा लागते. ही पायरी विसरली आणि चुंबकत्व उलटं राहिलं तर डायनामो उलट्या पोलॅरिटीने तयार होतो, आणि मग तो आणि बॅटरी मिळून कटआऊटचे पॉईंट (उघडझाप करणारे संपर्क) जाळतात.

इंजिन चालू केलं. रेस वाढवताच चार्जिंगचा दिवा मंद झाला आणि विझला. भाच्याने गल्लीतच नाच केला.

वायरिंगही चाचांकडूनच करून घेतलं, आणि माझ्या तक्रारी सगळ्या तिथल्याच आहेत. काम पक्कं. डीला चार स्क्वेअर एमएमची जाड वायर, एफला दीडची, प्रत्येक टोकाला थिंबल दाबून वर सोल्डर. फ्रेमला पावडर कोटिंग केलंय, त्यामुळे बॉडी अर्थवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून डायनामोची बॉडी, कटआऊटचं ई (अर्थचं टोक) आणि बॅटरीचं मायनस यांना जोडणारी स्वतंत्र अर्थ वायर टाकली. ही गोष्ट आम्हाला सुचलीच नसती. कटआऊटचा डबा इंजिनापासून लांब, सीटच्या मागे, उभा लावला आणि खाली ट्यूबच्या रबराचे दोन थर दिले. गाडीला सस्पेन्शन नाही, डब्यातले पॉईंट धक्क्याने कडकडत राहिले तर लवकर खराब होतात.

पण वायर? सगळ्या लाल! प्लस लाल, अर्थ लाल, हॉर्न लाल, दिवा लाल. दुकानात त्या दिवशी लाल रंगाचीच रिळं होती. "मला माहितीये कुठली कुठे जाते," असं उत्तर मिळालं. चाचा, तुम्हाला माहितीये हो, पण दिंडोरीच्या अंगणात रात्री आठ वाजता दिवा गेला तर मी तुम्हाला कुठे शोधू? घरी येऊन मी प्रत्येक टोकाला रंगीत टेप गुंडाळला, त्यात रविवार गेला.

फ्यूजही घातला नव्हता. मी आग्रह धरला तेव्हा 'लेडीज लोक घाबरतात' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत घातला. घाबरतातच. सीटखाली पेट्रोलची टाकी आहे.

आणि एक चूक होता होता राहिली. चाचांचा हात गाड्यांवर बसलेला, त्यामुळे किल्लीतून निघालेली बारा व्होल्टची वायर ते सवयीने इंजिनाच्या बंद करायच्या वायरला देत होते. गाडीत किल्लीने कॉईलला करंट जातो. पंपाच्या इंजिनात उलटं असतं. ती वायर नुसती अर्थला टेकवली की स्पार्क बंद होतो. तिला बॅटरी दिली तर कॉईल जळणार. लेकीने त्यांचा हात धरला. चाचांनी चष्मा वर केला, तिचं म्हणणं पूर्ण ऐकलं, इंजिनाकडे पाहिलं आणि "सही बोलती है बच्ची" म्हणत वायर कापून टाकली. स्वतःची चूक एवढ्या सहज मान्य करणारा कारागीर मला याआधी भेटलेला नाही. नळाचा नाही, फ्रिजचा नाही, कुठलाच नाही.

बॅटरीचंही त्यांनीच वाचवलं. मुलांनी यूपीएसची सात अँपिअर अवरची बॅटरी आणली होती, हलकी म्हणून. चाचा म्हणाले, उकळेल. हा डायनामो बावीस अँपिअरपर्यंत देऊ शकतो, आणि जुना कटआऊट एवढ्याशा बॅटरीला सांभाळून चार्ज करणारा नव्हे. शेवटी भावाच्या पिकअपची काढून ठेवलेली मोठी बॅटरी लावली. गाडी त्यामुळे एका बाजूला कलते, म्हणून लेक आता दुसऱ्या बाजूला टेकून बसते.

डायनामो इंजिनाला जड जाईल का, ही आमची शंका मात्र फुकट गेली. पूर्ण बावीस अँपिअर ओढले तर साधारण तीनशे वॅट होतात, आणि डायनामोचं स्वतःचं नुकसान धरलं तर इंजिनाचा पाऊण हॉर्सपॉवर तरी खाईल. पण आमचा दिवा पंचावन्न वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअर. हॉर्न कधीतरी. इंजिनाला कळतही नाही. पुली इंजिनाच्या दीडपट वेगाने फिरेल अशी ठेवली आहे. त्याहून लहान पुली लेकीने सुचवली तेव्हा चाचांनी नकार दिला, इंजिन पूर्ण पळालं तर आर्मेचरची वायर खाचेतून बाहेर येईल म्हणाले.

अगदी हळू आयडलिंगला चार्जिंगचा दिवा अजूनही मिणमिणतो. तो दोष नाही, डायनामो असाच असतो. जुन्या फियाट आणि अँबेसेडरवाल्यांना सिग्नलला तो लाल ठिपका आठवत असेल.

पैसे. कार्बनची जोडी 120, बेरिंग 190, पहिल्या दिवसाची मजुरी 500. वायरिंगचे सामानासकट 650. दुसऱ्या दिवशी टोकं बदलण्याचे काही घेतले नाहीत, "मैंने पूछा नहीं था कौनसी गाडी" हे कारण. एकूण 1460 रुपये. बिल मिळत नाही. मागितलं तर सिगारेटच्या पाकिटाच्या मागे आकडे लिहून देतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पावती लागणार असेल तर ती अडचण आधीच लक्षात ठेवा.

आणि वेळ. 'उद्या' म्हणजे चार दिवस. मी डिसेंबरात गेले म्हणून निभावलं. जानेवारीच्या मध्यापासून द्राक्षांच्या पिकअप सुरू होतात, कुणाचा सेल्फ गेलेला, कुणाचा अल्टरनेटर, आणि माल उभा असतो. तेव्हा गो-कार्ट घेऊन गेलात तर मार्च उजाडेल, आणि रास्तच आहे. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच शटर खाली असतं. मी विसरून गेले आणि टपरीवर तीन चहा प्याले.

पाचपैकी चार तारे. एक तारा लाल वायरींचा कापला आहे. फ्यूजचा कापला नाही, कारण नंतर अंगणात भाच्याने हॉर्नची वायर चेनमध्ये अडकवली तेव्हा तो बरोबर उडाला, आणि हे मी चाचांना फोन करून मुद्दाम सांगितलं. "अच्छा हुआ आपने लगवाया," म्हणाले, आणि विचारलं की मागच्या बुशला तेल दिलं का.

दिलं नव्हतं.